डाव्या बाहीतला काळा टाका

मंदाकाकूंनी आयुष्यात टेप हातात धरला नाही. माप घ्यायचं तर पोराला पाठमोरं उभं करायचं, उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून त्याच्या पाठीवर वीत ठेवायची आणि डोळे मिटायचे. गुदगुल्या होऊन पोरगं हसायला लागलं की दुसऱ्या हातानं टाळूवर हलकी टपली. "हलू नको. तुहं हाड मोजून राहिली मी." मग डोळे उघडून जाहीर करायच्या, "एक वीत, चार बोटं, अन् दोन बोटं वाढीची." तेवढ्यावर स्वेटर उभा राहायचा, आणि तो चुकल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. चुकला तो एकदाच, आणि त्यात माझाही हात होता.

अमरावतीला राजापेठेत आमची घरं शेजारी, मध्ये कमरेइतकी भिंत. त्या तिवस्याकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, मी घरी दहावीच्या विज्ञानाच्या ट्यूशन घेणारी. आमच्या गल्लीत सकाळी सहापासून पोरांच्या गाड्या लागतात. काकूंच्या गेटसमोर एखादी लागली तर त्या आरडाओरडा करत नसत. त्या गाडीच्या सीटवर धुतलेल्या लोकरीची ओली लड वाळत घालत. पोरगं क्लास संपवून आलं की लड वाळेपर्यंत मुकाट उभं. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी पार चौकात लागायची.

विणकाम बारा महिने चालायचं. भर मे महिन्यात, कूलर नुसती गरम हवा फेकत असताना ही बाई मांडीवर लोकरीचा गोळा घेऊन बसलेली. बघणाऱ्यालाच घाम फुटावा.

"काकू, निदान उन्हाळ्यात तरी जिवाला आराम द्या," मी म्हणायची.

"हिवाळ्यात सुरू केलं तं घालाले हिवाळा उरते का? आपल्याकडची थंडी कितीक? आली म्हणेपर्यंत गेली."

तेव्हा त्यांचं घर भरलेलं होतं. एकुलता एक मुलगा प्रशांत, सून स्वाती आणि चार वर्षांची नात गार्गी. एके दिवशी टोपलीतलं सीताफळ हातात फिरवत गार्गीनं विचारलं, "आजी, सीताफळाले स्वेटर कोणं विणला?"

दुसरी कोणी आजी असती तर हसली असती, पोरीचा मुका घेतला असता आणि चार घरी ती गोष्ट सांगून विसरून गेली असती. काकूंनी सीताफळ हातात घेतलं, चष्मा वर करून पाहिलं आणि नंतर ते कोणालाही खाऊ दिलं नाही. आठवडाभर विणायचं, उसवायचं, परत विणायचं. शेवटी हिरव्या लोकरीत फुगीर टाक्यांची नक्षी जमली, मधल्या खाचांत फिक्कट दोरा. सीताफळ तोवर काळं पडून फुटलं होतं आणि स्वयंपाकघरभर चिलटं झाली होती. "पस्तीस वर्षं पोरायले शिकवलं का सीताफळ म्हंजे फळ," त्या मला म्हणाल्या. "ह्या पोट्टीनं एका मिनिटात शिकवलं का ते विणकाम आहे."

त्या दिवसापासून पुस्तकातले नमुने बंद. पोरीनं दाखवायचं आणि आजीनं विणायचं. खारीच्या पाठीवरचे पट्टे झाले, फुटलेलं कापसाचं बोंड झालं, बहावा झाला. दोघी सकाळी वडाळी तलावाकडे फिरायला जायच्या आणि येताना हातरुमालात काहीतरी बांधून आणायच्या. तो रुमाल घेऊन काकू थेट लोकरीच्या दुकानात. एकदा मी सोबत होते. त्यांनी पळसाचं फूल काउंटरवर ठेवलं. "ह्या रंगाची दे."

दुकानदारानं चार गोळे काढले, काकूंनी चारही रस्त्यावर उन्हात नेऊन पाहिले आणि परत आणले. तो बिचारा म्हणाला, "बाई, देवानं बनवलेला रंग कंपनी थोडीच बनवते?"

"मंग कंपनीले सांग, शिकून घे म्हणा."

आणखी एक सवय सांगायला हवी. काकूंच्या प्रत्येक स्वेटरच्या डाव्या बाहीत, मनगटाच्या आतल्या बाजूला, एकच काळा टाका असायचा. तान्ह्या बाळाच्या गालाला तीट लावतात ना, तशी ही लोकरीची तीट. "विज्ञानवाली तू, हसशीन मले," त्या म्हणाल्या. "माहा काही विश्वास नाही नजरेवर. पण नजरेले थोडीच ठाऊक आहे ते?" गार्गीला नवा स्वेटर घातला की ती आधी डावी बाही उलटी करायची, टाका शोधायची, सापडला की आजीकडे बघून त्यावर बोट ठेवायची, आणि मगच आरशाकडे पळायची. ते त्या दोघींचं होतं. बाकी कोणी मध्ये बोललेलं त्यांना चालत नसे.

मग अथर्व झाला. त्याच महिन्यात माझा ईशान झाला, त्यामुळे भिंतीच्या दोन्ही बाजूंनी रडणं चालू असायचं. काकूंनी नातवासाठी टोपडं सुयांवर घेतलं, पण माप घेतलं नाही. दीड महिन्याचं पोर अजून मान धरत नाही, पाठीवर वीत कशी ठेवणार? जरा बसू दे, म्हणाल्या. अथर्व बसायला लागायच्या आत प्रशांत गेला. नागपूर रोडवर, मोटारसायकलवरून घरी येताना. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. टोपडं सुयांवर तसंच राहिलं.

वर्षभरात स्वाती मुलांना घेऊन अकोल्याला माहेरी गेली. आणखी एका वर्षानं तिचे वडील काकूंकडे आले, खुर्चीच्या काठावर बसले आणि हातातली पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर करत राहिले. काकूच म्हणाल्या, "स्थळ आलं का?" त्यांनी मान हलवली. "तिशीचीबी नाही व्हय ते. करा. माह्याकडून हो आहे." लग्न अकोल्यातच झालं. माणूस सरळ होता, दोन्ही मुलांना आपलं नाव देणार होता. त्याची फक्त एक विनंती होती. अथर्वला काही कळत नाही, तर मोठा होईपर्यंत त्याला काही सांगू नये. म्हणजे अमरावतीचं येणंजाणं नको, आणि घरात जुनं बोलणं नको. गार्गी आठ वर्षांची होती. तिला समजावण्यात आलं.

यात दुष्ट कोणी नव्हतं, हीच सगळ्यात मोठी अडचण. दुष्ट कोणी असतं तर निदान भांडता आलं असतं.

काकूंनी तक्रार केली नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी स्वातीच्या माहेरच्या पत्त्यावर दोन स्वेटर पाठवले. पुढच्या वर्षी दोन, त्याच्या पुढच्या वर्षी दोन. स्वातीचा दोन ओळींचा निरोप यायचा, मिळाले म्हणून. एकदा तिनं इंचांत मापं कळवली होती. काकूंनी तो कागद माझ्याकडे दिला. "हे काय करू मी? इंच कोणाचेबी असतात. हात लागल्याबिगर पोराचं माप नाही होत." गार्गीची वाढ त्या मनात धरत. एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत कोणत्या इयत्तेतली पोरगी केवढी असते ते हाताला पाठ होतं. पण अथर्वच्या पाठीवर त्यांची वीत कधी पडलीच नव्हती. त्यांना आता आयुष्यात एवढंच हवं होतं. ओळख नको, आजी म्हणून हाक नको, एकदा त्या पोराच्या पाठीवर वीत ठेवायची. हे त्या मला भाजी निवडताना, लोकर गुंडाळताना, वाटेल तेव्हा सांगायच्या, आणि मी ऐकून घ्यायची.

तोवर त्यांनी मार्ग काढला होता. भिंतीवरून हाक यायची, "वैशाली, पोराले पाठव वं." ईशान गेला की पाठमोरा उभा राहायचा, वीत पडायची, डोळे मिटायचे. अथर्वच्या महिन्यातच जन्मलेला, म्हणजे माप तेच. काकू त्याला विचारायच्या, "आज काय पाह्यलं रे?" तो सांगायचा, तारेवर निळा पक्षी बसला होता. मग अथर्वच्या स्वेटरवर नीलपंख उतरायचा. माझ्या पोराची पाठ, माझ्या पोराचा पक्षी, आणि स्वेटर अकोल्याला. खरं सांगते, मला राग यायचा. एकदा मी बोलून गेले, "काकू, एखादा यालाही विणा की."

"याले तू आहे ना."

"मला विणता येत नाही."

"मंग इकत घे," त्या म्हणाल्या आणि टाके मोजायला लागल्या. मी दोन दिवस भिंतीकडे गेले नाही. आज वाटतं, आधीच्या चार शब्दांतच त्यांनी सगळं सांगितलं होतं.

अकोल्याला जायचं डोक्यात मीच भरवलं. अथर्व सहा वर्षांचा झाला होता, गार्गी बाराची. मी स्वातीला फोन केला. तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "या रविवारी. माझ्या शाळेच्या बाई म्हणून सांगते घरी. चालेल का त्यांना?" मी काकूंना विचारलं. "बाईच व्हती ना मी," त्या म्हणाल्या. "खोटं कुठी आहे त्यात?" त्या वर्षीचे दोन्ही स्वेटर पिशवीत घेतले. अथर्वचा नीलपंखाचा, आणि गार्गीसाठी त्यांनी परत सीताफळ विणलं होतं, आता मोठ्या पोरीच्या मापाचं.

स्वातीच्या नव्या सासूबाईंनी आमचं इतकं चांगलं केलं की बसवेना. पोहे, वर चहा. दोन्ही स्वेटर त्यांनी मांडीवर घेऊन उलटेपालटे करून पाहिले. "काय हात आहे हो बाई तुमचा! तुमाले नातवंडं असतीन?"

"आहेत. दोन."

"कुठी असतात?"

"दूर," काकू म्हणाल्या.

स्वाती पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आली नाही.

अथर्व आला. लुकडा, प्रशांतसारखे कान. काकूंनी त्याला पाठमोरा उभा केला आणि वीत ठेवली. डोळे मिटले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. पोरगं हसायला लागलं, पण या वेळी टपली पडली नाही. मग स्वेटर घातला. तो त्याच्या अंगावर लोंबायला लागला, बाह्यांतून बोटंही दिसेनात, पक्षी पार पोटावर. सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "असू द्या, पुढच्या सालीबी कामी येईन." अथर्वनं तो डोक्यावरून ओढून काढला, पलंगावर टाकला आणि खेळायला पळाला. काकूंचा हात जिथे त्याची पाठ होती तिथेच थोडा वेळ राहिला.

गार्गी दाराशी उभी होती. तिनं पुढे येऊन सीताफळाचा स्वेटर उचलला, छातीशी धरून पाहिला. मग डावी बाही उलटी केली. मला दिसत होतं, तिचं बोट त्या काळ्या टाक्यावर गेलं आणि थांबलं. तिनं मान वर करून काकूंकडे पाहिलं. तेवढ्यात सासूबाईंनी म्हटलं, "काय म्हणावं बेटा बाईले?" गार्गीनं बाही नीट सरळ केली, घडी घातली.

"थँक यू, आंटी," ती म्हणाली.

बसमध्ये काकू खिडकीशी बसल्या. बोरगाव गेलं. मग एकदम म्हणाल्या, "एक वीत तीन बोटं." थोड्या वेळानं, "तुहं पोरगं गुबगुबीत आहे वं. म्या त्याच्यावर भरोसा ठेवला." मला हसावं की रडावं कळेना. ईशानला मी खाऊ घातलेल्या प्रत्येक घासाची मला त्या बसमध्ये लाज वाटली. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "पोरगी खोटं बोलाले शिकली. एवढीशी पोरगी. माह्यापायी."

पुढच्या वर्षी त्यांना अथर्वचं खरं माप माहीत होतं. मला वाटलं होतं, आता त्या आनंदानं विणतील. विणलं त्यांनी, पण वडाळीला जाणं सोडलं होतं, ईशानला काही विचारणं सोडलं होतं. दोन्ही स्वेटर साधे, नक्षी नसलेले, दुकानदारानं पहिला काढला त्या रंगाचे. डाव्या बाहीशी आल्या तेव्हा मी समोर बसले होते. काळ्या लोकरीचा लहानसा गोळा त्यांनी हातात घेतला आणि परत डब्यात ठेवला.

"काकू, टाका?"

"नाही घालत. टाका दिसला का ते ओळखते. ओळखलं का तिले लपवा लागते. नसलाच तं काही लपवा नाही लागणार. आलं कुठून तरी स्वेटर, घातलं, झालं."

"आणि नजर?"

"तूच म्हणते ना नजर नसते?" त्या म्हणाल्या.

पार्सलवरचा पत्ताही त्यांनी मला लिहायला लावला. गार्गीला बाराखडी त्यांनीच गिरवायला शिकवली होती, अक्षर पोरीला लगेच कळलं असतं. पाठवणाऱ्याचं नाव आणि फोन नंबरही माझाच. मी विरोध करायला हवा होता. वीस वर्षं पोरांना प्रश्न विचारणारी मी, त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. पत्ता वाचून दाखव, म्हणाल्या. मी वाचला. "बराबर आहे," म्हणून त्या आत गेल्या.

पार्सल गेलं त्याच आठवड्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून त्यांचा भाऊ त्यांना हिवरखेडला आपल्या घरी घेऊन गेला. भिंतीपलीकडे कुलूप लागलं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, दुपारी दोन बॅचच्या मध्ये माझ्या फोनवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. "वैशालीकाकू, मी गार्गी. स्वेटर मिळाला. काळा टाका नाही. दोन्ही बाह्या पाहिल्या. आजी बरी आहे ना?"

मी तिथेच खुर्चीत बसले. इतकी वर्षं ती पोरगी दर हिवाळ्यात बाही उलटी करून आजी आहे याची खात्री करून घेत होती. आणि आम्ही दोन शहाण्या बायांनी तिच्यावर दया म्हणून तेवढंच काढून टाकलं होतं.

मी लगेच उत्तर द्यायला हवं होतं. पण मला वाटलं, हे उत्तर काकूंनी द्यावं. रविवारपर्यंत थांबले. तीन दिवस. अकोला, अकोट करत हिवरखेडला पोचले. काकू कडुनिंबाखाली बाजेवर होत्या, अंगावर चादर. उजवा हात कोणीतरी नीट उचलून उशीवर ठेवलेला. मी फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी दोनदा वाचलं. मग जड जिभेनं, तुटत तुटत म्हणाल्या, "वाट पाह्यत व्हती ते. घालाले पाह्यजे व्हता म्या."

"काय लिहू?"

"बरी आहे म्हण. सुया सापडल्या नाही म्हण काळ्या लोकरीच्या." म्हणजे काय ते त्यांनाही कळलं नसावं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला त्यांना हात उचलता येत नव्हता. मी पुसलं. मग लिहिलं, आजी बरी आहे, तुझी आठवण काढते, पुढच्या वर्षी टाका असेल. पाठवलं.

एकच टिक आली. मी वाट पाहिली. फोन लावून पाहिला, बंद. त्या तीन दिवसांत तिकडे काय झालं, कोणी मेसेज पाहिला, कोणी सिम काढलं, मला कधीच कळलं नाही. स्वातीनं नंतर माझे फोन उचलले नाहीत. तिला तरी काय बोलू?

काकूंची नजर माझ्या चेहऱ्यावर होती. "गेला का?"

"गेला."

"पाह्यला तिनं?"

मी फोन उलटा करून पर्समध्ये टाकला. "पाहिला, काकू."

त्यांनी डोळे मिटले. निघताना मी गेटातून वळून पाहिलं. चादरीवर त्यांचा डावा हात उघडला होता, अंगठा एकीकडे, करंगळी दुसरीकडे. त्या हाताला माप घ्यायची सवय नव्हती. वीत पुरती ताणली जात नव्हती, पण तो चादरीवरून उचलून त्या परत परत ठेवत होत्या.